गार पाण्याचा आळ

वसमतला मी ज्या घरात भाड्यानं राहिले, त्या घरात एकही झाकण घट्ट लावलेलं नसे. साखरेचा डबा, लोणच्याची बरणी, पिण्याच्या पाण्याचं पिंप, सगळ्यांवर झाकण नुसतं टेकवलेलं. दाराला कडी नव्हती, सुतळीचा फास होता, तो मनगटानं वर सारायचा. नळाला वेल्डिंगवाल्याकडून हातभर लांब दांडी बसवून घेतली होती. ती कोपरानं ढकलली की पाणी यायचं. पहिल्याच आठवड्यात मांजरानं माझं दूध दोनदा फस्त केलं, तेव्हा मी तावातावानं तक्रार घेऊन गेले. घरमालकीण ओट्यावर बसून दोन्ही तळहातांत कप धरून चहा पीत होती.

"मांजराला बी पोट हाय म्याडम," ती म्हणाली. "आन् मी झाकन घट लावलं तर मंग ते उघडनार कोन? तुमी तर कालेजात."

तिचे हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. बोटं मुळाशी सुजलेली आणि सगळी मिळून करंगळीच्या बाजूला कललेली होती. अंगठा आत वळून बसला होता. मूठ मिटत नव्हती आणि पंजा उघडत नव्हता. मी दुधाचं पातेलं घेऊन मुकाट खोलीत परत आले.

मी तिला मावशी म्हणायचे. हळदीच्या बाजारामागच्या गल्लीत तिचं घर होतं. त्या मोंढ्यात हळदीची आवक वाढली की तिच्या ओट्यावर पिवळी धूळ बसे, आणि ती पायानं फडकं सरकवत ओटा पुसे. नवरा साखर कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. चार मुलं, त्यातलं एकही जवळ नाही. रविवारी पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला जायची, तेवढंच तिचं बाहेर पडणं. मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवायचे. नवरा पुण्याला कंपनीत, सासूबाई त्याच्याजवळ. कॉलेज सुटलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे ही एक, आणि तीही बहुतेक वेळा भांडायलाच तोंड उघडायची. खरं सांगायचं तर त्या भांडणाचीही मी वाट बघत असे.

तिची भाडेकरू निवडायची तऱ्हाच और होती. माझ्या आधी दोन बँकवाले आणि एक तलाठी परत गेले होते. मी गेले तेव्हा तिनं ना गाव विचारलं, ना नोकरी. "हात दाखवा," म्हणाली. मला वाटलं, भविष्य सांगते की काय. तिनं आपल्या बोटाच्या पेरानं माझ्या मधल्या बोटाचा सांधा दाबला आणि मी कळवळून हात मागे घेतला.

"कवापासून हाय?" तिनं विचारलं.

"काही नाही, खडूमुळं होतं," मी म्हटलं.

"व्हय, खडूनंच व्हत आसंल," ती म्हणाली, आणि खोलीची किल्ली दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

खडूचा काही संबंध नव्हता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सकाळी बोटं आखडायला लागली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी आमवात सांगितला. शरीराचे पहारेकरी आपल्याच सांध्यांना शत्रू समजून मारतात, असा तो रोग. वर्गात हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवायचे आणि घरी कुलूप उघडायला किल्लीच्या भोकात पेन घालून पिळायचे. नवऱ्याला माहीत होतं. सासूबाईंपासून आम्ही लपवलं होतं. एवढ्या तरुण बाईला सांधेदुखी म्हटल्यावर त्या काय म्हणतील, याची मला धास्ती होती. मूल हवं म्हणून डॉक्टरांनी एक औषध आधीच बंद करून दुसरं सौम्य दिलं होतं.

मांजराच्या भीतीनं मी माझ्या खोलीला कुलूप लावायचे. एके दिवशी सकाळी कॉलेजला निघताना कुलूप लावलं, छत्री राहिली म्हणून परत उघडलं, पुन्हा लावलं. मावशी ओट्यावरून बघत होती.

"किती दिवस झाले?" ती म्हणाली.

"कशाला?"

"पाळी चुकून."

मी घाबरून इकडं तिकडं बघितलं. अजून माझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. तिसरा महिना नुकताच लागला होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुलपानं सांगितलं. एका हातानं उघडलं तुमी. पेन न्हाई, काई न्हाई." मग ती हसली. तिला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं. "बसा हितं जरा. कालेज पळून जात न्हाई."

त्या दिवशी माझा पहिला तास बुडाला. मावशी सांगत होती आणि मी ऐकत होते. लग्नाच्या आधीपासूनच तिची बोटं सकाळी आखडायची. पहिल्यांदा दिवस गेले आणि दोन-तीन महिन्यांत हात मोकळे झाले. भाकरी थापता यायला लागली, निंदायला जाता यायला लागलं. सासू म्हणाली, पायगुण चांगला आहे लेकराचा. बाळंतपण झालं आणि दोन महिन्यांच्या आत हात पुन्हा गेले. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तेच. चौथ्या वेळीही तेच.

"पोटात लेकरू आसलं की मी बाई व्हते म्याडम," ती म्हणाली. "बाकी सारी सालं नुसती बसलेली."

त्या महिन्यांत ती गोधड्या शिवायची. चार गरोदरपणं, चार गोधड्या. तिनं मला पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवल्या. बारीक, सरळ टाके, पण प्रत्येक गोधडीची एक बाजू उघडी. तिथपर्यंत आली की कळा सुरू व्हायच्या, आणि नंतर सुई धरता यायची नाही. चौथ्यानंतर नवऱ्यानं तिला ऑपरेशनच्या कॅम्पला नेलं. बाकीच्या बाया सुटलो म्हणून खूश होत्या. ही एकटी रडत होती. सिस्टरनं विचारलं, "चार झाली की बाई, अजून किती पाहिजेत?"

"काय सांगू तिला?" मावशी म्हणाली. "लेकरू नको व्हतं मला. नऊ महिने पायजे व्हते. आसं कुनाला सांगता येतं का?"

गल्लीत तिला 'लेकरांची हावरी' म्हणत. चार मुलं झाली तेव्हा लोकांनी तोंडावर म्हटलं, आणि ती ऐकून घेत राहिली.

मला मात्र तिच्या गोष्टीतलं पहिलं अर्धंच ऐकू आलं. माझे हात बरे झाले होते. चौथ्या-पाचव्या महिन्यात मी वेणी घालू लागले, कॉलेजच्या रांगोळी स्पर्धेत रांगोळी काढली, फळ्यावर झरझर लिहू लागले. नांदेडला सांध्यांच्या डॉक्टरांकडं जायचं होतं ती तारीख मी टाळली, मग पुढचीही टाळली. मी बरी झाले, असंच मला मानायचं होतं.

मावशी एकदा माझ्या वर्गात आली, तो प्रसंग कॉलेजात अजून सांगतात. मी डबा विसरले होते. ती तो कापडी पिशवीत घालून, पिशवी कोपरात अडकवून, चालत कॉलेजला आली. बारावीचा तास चालू होता. शिपायानं अडवलं तर "घरची हाय मी" म्हणाली, आणि सरळ येऊन मागच्या बाकावर बसली. तास रोगप्रतिकारशक्तीचा होता. आपल्या शरीरातले पहारेकरी आपलं कोण आणि परकं कोण हे कसं ओळखतात, ते मी सांगत होते. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर ते नाकारायला बघतं. बाळ तर अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराच्या हिशेबानं अर्धं परकंच. मग ते नऊ महिने पोटात सुखानं कसं राहतं? मी मुलांना सांगितलं, की गरोदरपणात पहारेकरी झोपत नाहीत, पण त्यांची वागण्याची रीत बदलते. काही पेशींचं कामच मुळी बाकीच्यांना आवरायचं, आणि अशा आवरणाऱ्या पेशी त्या काळात वाढतात. गर्भाशयातल्या काही पेशी तर मारामारी सोडून बाळाला पोसणाऱ्या वारेकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करायच्या कामाला लागतात.

मागच्या बाकावरून आवाज आला, "म्याडम, मला इचारायचं हाय."

पोरं वळून बघायला लागली.

"हे कसले पहारेकरी? घरच्याला मारून राह्यलेत आन् पावन्याला जपून राह्यलेत?"

वर्ग खो खो हसला. ती हसली नाही. "आन् ते आवरनारे हायत ना, त्यांला बाळंत झाल्यावर कोन हाकलून देतं?"

"मावशी, घरी सांगते," मी म्हटलं. मला लाज वाटली होती. मुलांसमोर लुगड्यातली, वाकड्या बोटांची बाई मला आपली म्हणते याची लाज. आज ते आठवलं की मी स्वतःवर चिडते. त्या वर्गात त्या दिवशी खरा प्रश्न विचारणारी ती एकटीच होती.

उत्तर मी घरी जाऊन शोधलं. बाळंतपणात वार पडली, की तिच्याकडून येणारे निरोप थांबतात. संप्रेरकं झपाट्यानं उतरतात. आवरणारे ओसरतात आणि पहारेकरी जुन्या वळणावर जातात. आमवाताच्या पुष्कळ बायकांना गरोदरपणात आराम पडतो, सगळ्यांना नाही, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दुखणं परततं. हे नेमकं कसं घडतं ते अजून शास्त्रज्ञांनाही पुरतं उलगडलेलं नाही. वाचून मी पुस्तक मिटलं. मावशीनं दोनदा विचारलं, मी दोनदा टाळलं. तिला सांगायचं म्हणजे ते आधी स्वतःला सांगावं लागणार होतं.

मावशी जाऊन आता वर्ष होईल. माणूस असताना आपण त्याचे प्रश्न अंगावर घेत नाही आणि नंतर उत्तरं पाठ म्हणत बसतो.

सातव्या महिन्यात आई हिंगोलीहून माझी ओटी भरायला आली. मावशी कोपऱ्यात बसून होती. बायका गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं आणि पहिल्यांदा 'म्याडम' सोडून 'पोरी' म्हणाली.

"पोरी, माझं थोरलं लेकरू शिरड शहापूरला हाय. तुला म्हाईत हाय?"

तिच्या नात्यातला एक जण तिथं शेती करतो एवढं मला माहीत होतं. वर्षातून एकदा तो हळकुंडं घेऊन येई. ओट्याच्या कडेला टेकून चहा पिई. तिला 'काकू' म्हणे. मला वाटलं होतं, पुतण्या असेल, आणि मी तसं म्हटलं.

"पुतन्या न्हाई. माझ्या पोटचा हाय," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. बाळंतिणीनं सव्वा महिना पाण्यात हात घालायचा नाही, वारं लागू द्यायचं नाही, कान बांधून शेकत बसायचं, ही रीत. पण आई दिवसभर रोजानं जायची. घरात दुसरं कुणी नव्हतं. लेकराची लंगोटं साचली, वास यायला लागला. हिनं दोनदा, कुणाला न कळू देता, हौदाच्या गार पाण्यात ती धुतली. सव्वा महिना झाला, सासरी आली, आणि पंधरा दिवसांत बोटं गेली. एकदा मोरीत लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. तेल लावलेलं अंग, ते हातातून निसटून खाली गेलं. लागलं काहीच नाही. पण सासूनं पाहिलं.

"सासूनं इचारलं, पान्यात हात घातला व्हतास का? मी व्हय म्हन्ले. खोटं काहून बोलू?"

थोरल्या जावेला मूल नव्हतं. ती शिरड शहापूरला राहायची. "दोन महिने न्या, हिचे हात बरे झाले की आना," सासू म्हणाली. हात बरे झाले ते पुढच्या वेळी दिवस गेल्यावर, आणि तोवर लेकरू जावेला आई म्हणायला लागलं होतं.

"दुसऱ्या येळेला मी तीन महिने पान्याला शिवले न्हाई," मावशी म्हणाली. "तिसऱ्याला बी न्हाई. तरी हात गेलेच. पयल्यांदाचं पाप ते, कसं फिटनार? आपल्या हातानं केलं मी."

बाकीची तीनही आजीच्या आणि शेजारणींच्या कडेवर वाढली, आणि पंख फुटले तशी पुण्या-संभाजीनगरकडं गेली. फोन करतात, दिवाळीला साडी पाठवतात. थोरल्याशी मात्र एवढं नातंही उरलं नव्हतं.

"तू आदीच सांगून ठेव," ती मला म्हणाली. "सासूला सांग, डाक्टरला सांग. हात जात्यात. मंग लेकरू उचलून नेत्यात, दोन महिन्यांसाठी म्हून. सांगशील ना?"

"सांगते," मी म्हटलं.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. गार पाण्यानं काही होत नाही मावशी, पाप-बिप काही नाही, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण पाणी निर्दोष आहे असं मान्य केलं, की मी कितीही जपलं तरी माझे हात जाणार हेही मान्य करावं लागलं असतं. मी उठून ओटीचे तांदूळ आवरायला लागले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं सोसलेल्या बाईला मी आणखी चार महिने तसंच ठेवलं. याला मी दुसरं काही नाव देत नाही, भित्रेपणाच होता तो.

सासूबाईंना मी सांगितलं नाही. डॉक्टरांनाही नाही.

हिंगोलीला मुलगी झाली. सगळं सुखरूप झालं. मुलगी पाच-सहा आठवड्यांची असताना एका सकाळी मी उठले आणि दुपट्याची गाठ सोडवता आली नाही. दोन दिवसांत मनगटं सुजली. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात ते उगीच नाही. आईनं लगेच निकाल दिला. "वारं लागलं तुला. पंख्याखाली बसतेस, कान बांधत नाहीस, सांगितलेलं ऐकत नाहीस." शेगडी पेटली, ओव्याची धुरी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मी हट्टानं मुलीला न्हाऊ घालायला बसले आणि ती माझ्या पायांवरून घसरून खाली टाकलेल्या टॉवेलवर गेली. रडलीसुद्धा नाही, टुकुटुकु बघत राहिली. मी मात्र किंचाळले.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. नवरा म्हणाला, "आईला सगळं सांगितलं मी. ती म्हणतेय, बाळाला थोडे दिवस इकडं आणू. वरचं दूध देऊ. तू आराम कर. मग तुझी नोकरीही सुरू होईलच." माझी आईही मान हलवत होती. सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते, आणि त्यात वाईट असं कुणीच नव्हतं. थोडे दिवस.

मी मावशीला फोन लावला. तिचा फोन फळीवर ठेवलेला असे, ती पेरानं बटण दाबून लांबूनच बोलायची.

"मावशी, गेले हात," मी म्हटलं.

"लेकरू कुठं हाय?" एवढंच तिनं विचारलं.

"इथंच. पण नेणार आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला ती दारात उभी. कित्येक वर्षांत ती एकटी एसटीत बसली नव्हती. दांडा धरता येत नाही म्हणून कंडक्टरनं पुढच्या सीटवर बसवलं होतं. तिनं पाणीही घेतलं नाही. माझ्या आईसमोर उभी राहिली आणि पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले.

"ह्ये बगा ताई. मी बी सगळं पाळलं. तीन-तीन महिने पाळलं. ह्ये वारं न्हाई. हिला डाक्टरकडं न्या. लेकरू हिच्या छातीला फडक्यानं बांधा, उशीवर निजवा, कसंबी करा, पन धाडू नका. एकदा गेलं की मंग ते पावन्यासारखं येतं."

आई त्या हातांकडं बघत राहिली. मग आत जाऊन तिनं शेगडीवर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडला गेलो. डॉक्टर मला रागावले, आणि त्यांचं बरोबर होतं. बाळाला पाजतानाही चालतील अशा गोळ्या त्यांनी दिल्या. आठ-दहा दिवसांत मूठ अर्धी मिटायला लागली. पुढं महिने गेले, पण मुलगी माझ्याजवळच राहिली. सासूबाईच पुण्याहून वसमतला आल्या, चांगल्या सहा महिने राहिल्या, आणि उघड्या झाकणांवरून मावशीशी रोज भांडल्या. त्यांना दुखण्याचा बाऊ वाटला नाही. त्या चिडल्या होत्या लपवल्याबद्दल.

नांदेडच्या दवाखान्यातच, बाहेरच्या बाकावर, मी मावशीला अखेर ते सांगितलं. वार पडते, निरोप थांबतात, आवरणारे ओसरतात. तुम्ही लंगोटं धुतली नसती तरी हात गेले असते. मी गार पाण्याला शिवले नाही, आणि माझे गेलेच ना?

तिनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटेपालटे करून पाहिले.

"मंग चूक कोनाची व्हती?"

"कुणाचीच नाही मावशी."

"कोनाचीच न्हाई?" ती पुन्हा म्हणाली. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. पण तिचा चेहरा पडला, आणि मग ती रडायला लागली. चूक आपली होती तोवर मुलगा गेल्याला काही कारण तरी होतं. आता तेही राहिलं नाही. तिच्या पाठीवर मी माझा सुजलेला हात ठेवला.

डोळे पुसायला तिला मनगट वापरावं लागलं. मग म्हणाली, "म्याडम, तुमी शिकलेल्या. ह्ये त्याला सांगता का? त्याला वाटत आसंल, मी टाकलं त्याला. काल तुमच्याकडं येताना गाडी शिरडला थांबली. मी मान खाली घालून बसले. उतरू कोनत्या तोंडानं?"

या वेळी मी टाळलं नाही. मुलगी पाच महिन्यांची झाली, हातात तिला धरायचं बळ आलं, आणि एका रविवारी मी तिला घेऊन शिरड शहापूरला गेले. मावशीचा थोरला अंगणात उकडलेली हळद पसरत होता. पंचेचाळिशीचा गडी, मिशा पिकायला लागलेल्या. मला ओळखलं, खुर्ची दिली. मी वर्गात सांगते तसं सगळं सांगितलं. त्यानं हातातलं फावडं खाली ठेवून ऐकून घेतलं.

"म्याडम, मला कवाचंच म्हाईत हाय," तो म्हणाला. "माझ्या मायनं मरताना सांगितलं, तुजी जन्माची आई ती हाय, तिच्या हातात बळ नव्हतं म्हून तू माझ्याकडं आलास. मला राग न्हाई."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"कसं बोलू? मी गेलो की ती हात पदराखाली घेती. चहाबी शेजारनीच्या हातून देती. इतकी सालं झाली, एकदा पाठीवरून हात फिरवला न्हाई. मला वाटलं, तिला मी नको हाय."

मी वसमतला येऊन तिला हे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती म्हणाली, "लाज वाटती व मला. ह्याच हातांतून पडला ना तो."

पुढच्या आठवड्यात तो आला. हळकुंडांचा हंगाम नव्हता, पिशवी नव्हती, मोकळाच आला. नेहमीसारखा ओट्याच्या कडेला टेकला. मी मुलीला घेऊन माझ्या दारात उभी होते. आत जावं हे कळत होतं, पण गेले नाही. मावशीनं हात पदराखाली घेतले. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग तिनं ते बाहेर काढले आणि त्याच्यापुढं धरले, चुकलेलं पोर मास्तरांपुढं धरतं तसे. त्याला काय करावं कळेना. शेवटी त्यानं ते आपल्या दोन्ही हातांत घेतले, अगदी हलके, दुखतील म्हणून.

"काकू, लई तकलीफ व्हती का?" त्यानं विचारलं.

"आता न्हाई," ती म्हणाली.

दोघं फार काही बोलली नाहीत. पाऊसपाणी, त्याच्या पोरीची परीक्षा, एवढंच. चहा तिनं स्वतः दिला, दोन तळहातांत कप धरून, अर्धा बशीत सांडून. चारच्या गाडीला तो गेला. गल्लीच्या टोकाशी दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. चेहऱ्यावर तक्रार होती, कालपर्यंत चांगलं असलेलं काही कुणी परस्पर बिघडवून टाकल्याची.

"म्याडम," ती म्हणाली, "पोराचा हात लई खरबरीत झालाय व. सव्वा महिन्याचा व्हता तवा किती मऊ व्हता."